पगाराच्या पलीकडची अट

जव्हारला शिक्षकांच्या एका शिबिरात विज्ञानाचे प्रयोग करून दाखवायला आम्ही गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीत मोखाड्याकडचे एक गुरुजी जवळ येऊन बसले. त्यांची मुलगी सर्जन होत होती आणि तिला याच भागात नोकरी करायची होती. "सर, मुलाखतीत तिने पगाराशिवाय काय विचारावं?"

आम्ही काही वैद्यकातले नाही. पण इतिहासात या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर सापडतं, आणि तेही मुंबईतच.

1880च्या सुमारास मुंबईतल्या अनेक बायका पुरुष डॉक्टरसमोर यायला तयार नसत. सरकारी इस्पितळांचे प्रमुख मात्र पुरुषच. जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी यासाठी निधी उभारायला घेतला. इंग्लंडहून स्त्री डॉक्टर आणायच्या, त्यांच्या हाती इस्पितळ द्यायचं आणि ग्रँट मेडिकल कॉलेजची दारं मुलींना उघडायची, असा त्यांचा बेत होता. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी इस्पितळासाठी लाखाहून अधिक रुपये देऊ केले, पण एका अटीवर: कारभार स्त्री डॉक्टरांकडेच राहील. सरकार सुरुवातीला राजी नव्हतं. पैसा घ्यायचा, पण अधिकार द्यायचा नाही, ही सवय तशी जुनीच!

या जागेसाठी 1883मध्ये एडिथ पीचींची निवड झाली. पीचींना अटींचं महत्त्व कुणी शिकवायची गरज नव्हती. एडिंबरा विद्यापीठात रसायनशास्त्राच्या परीक्षेला पहिल्यांदाच बसलेल्या विद्यार्थ्यांत त्या पहिल्या आल्या, पण 1870मध्ये शिष्यवृत्ती मिळाली ती त्यांच्याहून कमी गुणांच्या मुलाला. पुढे विद्यापीठाने पदवीही नाकारली. शेवटी 1877मध्ये त्यांनी बर्नहून एम.डी. मिळवली. डिसेंबर 1883मध्ये त्या मुंबईत आल्या, आणि 1886मध्ये कामा इस्पितळ सुरू झालं तेव्हा प्रमुख म्हणून त्याच होत्या. स्त्री डॉक्टरांना पुरुषांइतकाच पगार मिळावा म्हणूनही त्या भांडल्या.

अधिकाराची अट म्हणजे मानापमानाचं प्रकरण वाटेल. तसं ते नव्हतं. पोट उघडायचं की थांबायचं, हा निर्णय जिने रोग्याला तपासलं तिने घ्यायचा, की तपासायची परवानगीच नसलेल्या वरिष्ठाने? 1885च्या डफरिन फंडाकडे पैसा भरपूर होता, पण त्याच्या इस्पितळांतल्या अनेक स्त्री डॉक्टर जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनच्या हाताखाली असत. तक्रारी वर्षानुवर्षं चालल्या. स्त्रियांची वेगळी वैद्यकीय सेवा निघायला 1914 उजाडलं.

आता पुन्हा गुरुजींच्या प्रश्नाकडे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात, दुर्गम भागात यायला तयार असलेल्या तज्ज्ञाने पगाराचा आकडा स्वतःच सांगावा, अशी मुभा राज्यांना मिळाली. कल्पना चांगली आहे. पण अडलेल्या बाळंतिणीचं सिझेरियन एकट्या सर्जनच्या हातांनी होत नाही. भूल देणारा लागतो, रक्त लागतं, रात्री तीन वाजता दिवा आणि जागी असलेली परिचारिका लागते. यातलं एक नसलं की मोठ्या पगाराची सर्जनही रोग्याला नाशिकच्या गाडीत बसवते, आणि जव्हारहून नाशिक सुमारे 80 किलोमीटर, तेही घाटातून.

गुरुजींना आम्ही पीचींची गोष्ट सांगितली. त्यांनी हजेरीच्या वहीचं मागचं पान उघडून लिहिलं: भूलतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस? रात्री रक्त कुठून? रोगी पुढे पाठवायचा की नाही, हे कोण ठरवणार?

मग थोडं थांबून, त्याखाली: पगार.