मॉरिशसच्या शिरगणतीतील ‘पूर्वजांची भाषा’

एखाद्या समाजाची भाषा कोणती, याचे उत्तर शिरगणतीच्या तक्त्यांत आयते मिळते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. मॉरिशस बेटाचा इतिहास पाहता हा समज तपासून घेणे अगत्याचे ठरते.

मूळचे निर्जन असलेले हे बेट डच लोक सोडून गेल्यावर १७१५ मध्ये फ्रेंचांच्या ताब्यात आले. फ्रेंच मळेवाले आणि आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेले गुलाम यांच्या व्यवहारातून तेथे क्रिओल भाषा घडली. १८१० मध्ये इंग्रजी सत्ता आली, तरी रहिवाशांचे धर्म, कायदे व रूढी यांना अभय मिळाले. १८३४ पासून १९२० पर्यंत उसाच्या मळ्यांसाठी सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर या बेटावर उतरले. त्यांत बिहारकडील लोक बहुसंख्य असल्यामुळे भोजपुरी ही मळ्यांवरील व्यवहाराची बोली झाली. मद्रासहून तमिळ व तेलुगू, तर मुंबई बंदरातून कोकणातील मराठी मंडळी आली.

पुढे शिरगणतीत घरची भाषा आणि पूर्वजांची भाषा असे दोन स्वतंत्र प्रश्न विचारले जाऊ लागले. पहिल्याची उत्तरे सरळ आहेत: घरी भोजपुरी बोलणारे २००० मध्ये सुमारे १२ टक्के होते, ते २०११ मध्ये सुमारे ५ टक्के उरले, क्रिओल बोलणारे मात्र चार-पंचमांशांहून अधिक भरले. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे निराळ्या जातीची आहेत. १९८३ मध्ये अनेक मुसलमानांनी पूर्वजांची भाषा म्हणून अरबी नोंदविली. वस्तुतः त्यांपैकी बहुतेकांचे पूर्वज भोजपुरी किंवा गुजराती बोलणारे होते. उलट, धर्माच्या तक्त्यांत ‘तमिळ’, ‘तेलुगू’, ‘मराठी’ अशा स्वतंत्र नोंदी आढळतात. म्हणजे एकीकडे धर्म भाषेचे नाव घेतो, तर दुसरीकडे भाषा धर्माचे.

या नोंदींमागे व्यवहारही आहे. १९६८ च्या राज्यघटनेत विधिमंडळातील काही जागांचे वाटप समाजगणनेशी जोडलेले आहे, आणि शाळांतून पूर्वजांच्या भाषा शिकविल्या जातात. स्वतःची नोंद निराळी राखण्यात प्रत्येक समाजाला स्वारस्य का असावे, हे यावरून उमगते.

तेव्हा तेथील ‘मराठी’ हा आकडा मराठी बोलणाऱ्यांचा मानणे चुकीचे होय. परंतु तो खोटा म्हणून टाकून देणेही तितकेच चुकीचे. घरात क्रिओल बोलणारे आणि गणेशचतुर्थीस मूर्ती विसर्जनास नेणारे कुटुंब ‘मराठी’ अशी नोंद करते, तेव्हा ते आपले बोलणे नव्हे, तर आपले कूळ सांगत असते. परदेशस्थ मराठी समाजाचा इतिहास लिहिणाऱ्याने हा भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे.