वेबसाईटवर मराठीऐवजी भलतीच चिन्हे? आधी सर्व्हरची 'कंटेंट-टाईप' ओळ तपासा

मंडळाची, वाचनालयाची किंवा पतसंस्थेची वेबसाईट उघडली आणि मराठीच्या जागी नुसती विचित्र चिन्हे दिसली, की पहिला संशय फाँटवर जातो. बऱ्याचदा फाँट ठीक असतो. गडबड असते ती सर्व्हरने पाठवलेल्या 'कंटेंट-टाईप' या ओळीत.

ही ओळ काय करते?
पार्सलवर आत काय आहे ते लिहितात, तशी ही ओळ पानाच्या आधी ब्राऊझरला मिळते. साध्या वेबपानासाठी ती 'टेक्स्ट/एचटीएमएल; चारसेट=यूटीएफ-८' अशी हवी. पहिला भाग फाईलचा प्रकार सांगतो, दुसरा अक्षरे कोणत्या पद्धतीने साठवली आहेत ते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाईट घेते. 'मी' म्हणजे म आणि वेलांटी, एकूण ६ बाईट. ब्राऊझरने ते युरोपीय भाषांच्या जुन्या पद्धतीने वाचले, तर 'मी'च्या जागी ६ वेगळीच चिन्हे उमटतात.

पानाच्या मेटा टॅगमध्ये यूटीएफ-८ लिहिलेले असले, तरी सर्व्हरने वेगळा चारसेट सांगितला तर ब्राऊझर सर्व्हरचेच ऐकतो.

दुरुस्ती कशी?
(पुढील आज्ञा रोमन अक्षरांत लिहाव्यात.)

• अपाची: 'एचटीॲक्सेस' फाईलमध्ये 'ॲडडिफॉल्टचारसेट यूटीएफ-८' ही ओळ घाला. होस्टिंगवाल्याने या फाईलला परवानगी दिलेली असावी लागते.

• एनजिनएक्स: 'सर्व्हर' विभागात 'चारसेट यूटीएफ-८;' लिहा. शेवटचा अर्धविराम विसरू नका. सेटिंग तपासून सर्व्हर रीलोड करा.

पान उघडण्याऐवजी डाऊनलोड होत असेल, तर फाईलचा प्रकार बहुधा 'ऑक्टेट-स्ट्रीम' असा जातो आहे. अपाचीत 'ॲडटाईप', एनजिनएक्समध्ये 'टाईप्स' यादीत योग्य प्रकार नोंदवा.

तपासणी
कॉम्प्युटरवर ब्राऊझरमध्ये एफ-१२ दाबा, 'नेटवर्क' उघडा, पान रीफ्रेश करा आणि पहिल्या नोंदीचे रिस्पॉन्स हेडर बघा. जुनेच दिसत असेल तर कॅश साफ करा.

एक खबरदारी महत्त्वाची: मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाईप केलेला असेल, तर हेडर बदलून काही होणार नाही. तो आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करावी लागते.