गोव्याच्या माडापासून नाताळच्या पंचापर्यंत

नाताळच्या मेजवानीत पंचाचं मोठं भांडं मधोमध ठेवायचं आणि सगळ्यांनी त्यातूनच पेले भरून घ्यायचे, ही रीत इंग्लंडची म्हणून जगभर ओळखली जाते. डिकन्सच्या १८४३ सालच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्येही वाफाळत्या पंचाची भांडी आहेत. पण या पेयाचं मूळ लंडनच्या दिवाणखान्यात नाही, ते हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या वखारींत आहे. त्याच्या श्रेयाचा मोठा वाटा माडाची पोय छेदून माडी काढणाऱ्या भंडाऱ्यांना आणि रेंदेरांना दिला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पंचाचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख १६३२ सालचा. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या एका माणसाने आंध्र किनाऱ्यावरच्या पेट्टपोलीच्या वखारीला लिहिलेल्या पत्रात येतो. १६३८ मध्ये मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेला पोचला, तेव्हा तिथल्या इंग्रजांकडे मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचं मिश्रण प्यायलं जात होतं. त्याहून बोलका पुरावा मुंबईचा आहे. १६९४ सालच्या सरकारी हुकुमानुसार खाणावळीत पंच प्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला एक क्वार्ट, म्हणजे सुमारे लिटरभर, चांगला गोव्याचा अरक (माडीपासून गाळलेली दारू), अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचा रस मागण्याचा आणि आपला पंच आपणच कालवण्याचा हक्क होता. दारूच्या चौथा हिस्सा रस, हे प्रमाण इतकं नेमकं ठरवून द्यावं लागलं, त्या अर्थी पंच मुंबईत चांगलाच रुळला होता आणि खाणावळवाल्यांच्या हातचलाखीवर सरकारचा भरवसा नव्हता. शिवाय ‘चांगला अरक’ म्हणजे गोव्याचा, हे हुकूम काढणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं.

यावर कोणी म्हणेल की मसालेदार गरम बिअर आणि वाइन इंग्लंडमध्ये नाताळाला आधीपासूनच पीत होते. भांडं तेच, आतला माल तेवढा बदलला. वाटून पिण्याची सवय त्यांचीच, हे मान्य. हे मिश्रण पहिल्यांदा एखाद्या इंग्रज खलाशानेच केलं असेल, हेही शक्य आहे, कारण जुने उल्लेख त्यांच्याच कागदांत सापडतात. पण जुन्या पेयांत गाळलेली दारू नव्हती आणि लिंबाची आंबट धारही नव्हती. लांबच्या सफरीत, उष्ण हवेत बिअर आणि वाइन टिकत नसे. अरक, लिंबू आणि साखर मात्र इथल्या बाजारात हाताशी होती. कल्पना कोणाचीही असो, ती उभी राहिली इथल्या मालावर आणि भट्टीवाल्यांच्या हातावर. पुढे हाच अरक पिंपांतून लंडनला गेला. न्यूयॉर्कच्या जेरी थॉमसने १८६२ मध्ये मिश्र पेयांचं पुस्तक काढलं तेही पंचापासूनच सुरू होतं. कॉकटेलचा क्रम नंतर लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अरकाने वखारींतली कितीतरी माणसं आजारी पाडली. बर्निए या फ्रेंच वैद्याने बंगालमधल्या पंचाबद्दल तसा इशाराच दिला होता. तो खराच होता. पण पिणाऱ्याच्या अतिरेकाचं माप गाळणाऱ्याच्या कसबाला लावणं अन्यायाचं आहे, आणि इतिहासाने ते लावलं. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर माडांवर जबर कर बसले, कोकणातल्या छोट्या भट्ट्या बंद पडल्या आणि पिढीजात धंदा असलेली भंडारी कुटुंबं दुसऱ्या कामांकडे वळली. गोव्यात माडाची फेणी अजून गाळली जाते. पण २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते काजूच्या फेणीला, आणि काजूचं झाड तर पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं.