शालजोडीतली शेळी

‘शालजोडीतले’ हा शब्द आपण सहज वापरतो. पेशव्यांच्या दरबारात मानाने दिली जाणारी ती शाल काश्मीरची. पण तिची लोकर तिथली नव्हे, हे मला लडाखच्या चांगथांग पठारावर जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

जूनमध्ये त्सो मोरीरी तलावाकाठी कोरझोकला पोचलो. उंची साडेचार हजार मीटर. मोबाइलला रेंज नाही, नजर जाईल तिथवर झाड नाही. वाटेत कियांग, म्हणजे तिथली रानगाढवं, आमच्या बाइकशी शर्यत लावून पळाली. गावाबाहेर याकच्या केसांच्या काळ्या तंबूपाशी एक चांगपा आजी शेळीचे पाय बांधून तिला लांब दातांच्या फणीने विंचरत होत्या. कडाक्याच्या थंडीत राठ केसांखाली मऊ लव वाढते, उन्हाळा आला की ती सुटू लागते. हीच पश्म. वर्षाला एका शेळीमागे जेमतेम पाव किलो.

या पाव किलोसाठी काय काय घडलं! १६८४च्या तिंगमोसगांगच्या तहाने इथली पश्म फक्त काश्मीरच्या व्यापाऱ्यांना विकायची असं ठरलं. (आमच्या धंद्यात याला ‘व्हेंडर लॉक-इन’ म्हणतात.) १८१२मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा पशुवैद्य विल्यम मूरक्रॉफ्ट गोसाव्याच्या वेशात मानसरोवरापर्यंत गेला. त्याला या शेळ्या हव्या होत्या. १८३४मध्ये डोग्रा सेनापती जोरावरसिंगाने लडाखवर स्वारी केली, तशी तिबेटची पश्म लडाख टाळून बुशहरकडे वळली. हा व्यापार परत मिळवणं हे १८४१च्या त्याच्या तिबेट मोहिमेचं एक मोठं कारण. डिसेंबरच्या बर्फात तो मारला गेला. गारठलेल्या सैनिकांनी शेकोटीसाठी बंदुकांचे दस्तेसुद्धा जाळले. पुढच्या वर्षी चुशूलचा तह झाला आणि पश्म पुन्हा लडाखमार्गे जाऊ लागली.

या सगळ्यात राजे आहेत, व्यापारी आहेत, हेरसुद्धा आहेत. शेळ्या राखणारे चांगपा मात्र मला कुठे नावानिशी भेटले नाहीत.

१९६२च्या युद्धानंतर त्यांची काही हिवाळी कुरणं सीमेपलीकडे अडकली. २०१३च्या हिवाळ्यात चारा बर्फाखाली गेला आणि हजारो शेळ्या मेल्या. आता खारनाकची बरीच कुटुंबं लेहजवळच्या खारनाकलिंग वस्तीत राहतात. मला गंमत वाटलेली कियांग आजींना मुळीच आवडत नव्हती: “आमचं गवत खातात.”

मुलगा काय करतो, असं विचारलं. “लेहला टॅक्सी चालवतो,” म्हणाल्या, आणि पुढची शेळी ओढून घेतली.