वेळेवर कळावे म्हणून

2017 साली महाराष्ट्रात गावोगावी तलाठ्यांनी चावडीवर बसून संगणकातला सातबारा मोठ्याने वाचून दाखवला. हस्तलिखित उतारे संगणकात भरून झाले होते. ते बरोबर भरले गेले की नाही, हे आता ज्याची जमीन त्यानेच सांगायचे होते. महसूल खात्याने या मोहिमेला चावडी वाचन म्हटले. हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत याच कामाला यूएटी म्हणतात आणि ते बहुधा शेवटच्या आठवड्यात, क्लायंटच्या माणसाला सवड मिळालीच तर, उरकून घेतात.

राज्यात सातबारे अडीच कोटींच्या घरात आहेत. त्यातला एक हातात घेऊन पाहिला की काम किती किचकट होते ते ध्यानात येते. गट क्रमांक, भोगवटादारांची नावे, खाते क्रमांक, क्षेत्र, पोटखराब, आकार, कुळाचे नाव, इतर हक्क आणि जागोजागी फेरफारांचे क्रमांक. जमीन विकली गेली, वाटणी झाली किंवा खातेदार वारला, तर तलाठी जुने नाव पुसत नसे. त्या नावाला कंस करून नवे नाव लिहीत असे. कंस म्हणजे हक्क संपल्याची नोंद. डेटा एंट्रीला बसलेल्या मुलाच्या लेखी मात्र ते एक विरामचिन्ह. तो कंस टंकायचा राहिला, तर वारलेले आजोबा पुन्हा मालक होतात आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राशी जुळत नाही. दुसरी गोम हिश्श्यांची. जुन्या उताऱ्यांवर सामाईक खात्यातले वाटे आणे-पैमध्ये असत आणि संगणकाला हवे असते हेक्टर-आर. चार भावांचे चार चार आणे असले तर प्रश्न नाही. पण पाच आणे चार पैचे तीन वाटे असले आणि भागाकार नीट तुटत नसला, तर शेवटचा उरलेला तुकडा कोणाच्या नावावर टाकायचा, हे प्रोग्रामरने ठरवायचे की तहसीलदाराने?

असले प्रश्न रिक्वायरमेंटच्या कागदात आधी लिहून ठेवलेले नसतात. लिहिणाऱ्याला ते सुचलेलेच नसतात आणि ज्या तलाठ्याला ते रोज पडतात त्याला ते प्रश्न वाटत नाहीत, इतके ते त्याच्या हातात बसलेले असतात. काम सुरू झाल्यावर, पहिले काही हजार उतारे भरल्यावर ते एकेक करून वर येतात. ई-फेरफार प्रणालीत आधी एडिटची आणि चावडी वाचनानंतर री-एडिटची सोय द्यावी लागली, त्यात नवल काहीच नव्हते. नवल असलेच तर ते एवढेच, की शेतकऱ्याला समोर बसवून चुका काढून घेण्याचे शहाणपण सरकारी खात्याला सुचले.

माहिती तंत्रज्ञान प्रकल्पांच्या व्यवस्थापनाकडे हे पुस्तक याच बाजूने पाहते. आपल्याला काय ठाऊक नाही, ते दुरुस्ती स्वस्त आहे तोवरच उघडकीला यावे अशी व्यवस्था लावणे, हे मॅनेजरचे पहिले काम. वेळापत्रक, अंदाजपत्रक, माणसांची नेमणूक, बैठका, अहवाल ही सगळी त्याची साधने. या क्रमाचा एकदा विसर पडला की अहवाल वेळेवर निघतात आणि प्रकल्प बुडतो.

अडचण अशी की हे काम दिसत नाही. धरणाची भिंत अर्धी झाली की रस्त्याने जाणाऱ्यालाही ती अर्धी दिसते. सॉफ्टवेअर किती झाले, हे ते लिहिणाऱ्याच्या सांगण्यावरून मानावे लागते. म्हणून या धंद्यात ‘नव्वद टक्के झालंय, सर’ हे वाक्य सर्वांत जास्त वेळा ऐकू येते. ते बोलणारा खोटे बोलत असतो असे नाही. त्याला जे करायचे म्हणून ठाऊक होते, त्यातले नव्वद टक्के खरोखरच झालेले असते.

या विषयाला स्वतंत्र विषय म्हणून ओळख मिळाली ती 1968 च्या ऑक्टोबरमध्ये, जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने भरवलेल्या परिषदेत. सॉफ्टवेअर उशिरा होते, महाग पडते आणि झाल्यावरही चालत नाही, ही तक्रार तिथे पहिल्यांदा एवढ्या उघडपणे मांडली गेली. त्याच वर्षी मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली. म्हणजे विषयाचे दुखणे आणि आपल्याकडचा हा उद्योग बरोबरीनेच वाढले.

या विषयातले सर्वांत वाचनीय पुस्तक एका दमलेल्या माणसाने लिहिले. आयबीएमने 1964 मध्ये सिस्टिम/360 ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे काम फ्रेड ब्रूक्स यांच्याकडे होते आणि ते लांबत गेले. त्या अनुभवावर त्यांनी 1975 मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ लिहिले. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की त्याला आणखी उशीर होतो, हा त्यातला सिद्धांत आज ब्रूक्सच्या नावाने ओळखला जातो. त्यामागचा हिशेब साधा आहे. पाच जणांच्या टीममध्ये दोघादोघांच्या जोड्या दहा होतात, दहा जणांत पंचेचाळीस, वीस जणांत एकशे नव्वद. नव्याला शिकवायचे कोणी? ज्याच्या अंगावर काम सर्वांत जास्त आहे त्यानेच. हा सिद्धांत आमच्याकडे कँटीनमध्येसुद्धा उद्धृत होतो आणि तरीही रिलीज घसरली की पहिला ईमेल बेंचवरची चार पोरे मागण्यासाठीच जातो.

सिद्धांताची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण ती बहुतेक वेळा गाळली जाते. जे काम आपापसांत न बोलता वाटून घेता येते तिथे माणसे वाढवून उपयोग होतो. कोट्यवधी उतारे टंकायला दुप्पट माणसे लावली तर काम लवकर उरकते. कंसाचा अर्थ काय धरायचा, हे ठरवायला दुप्पट माणसे बसवली तर बैठक लांबते. एकाच प्रकल्पात दोन्ही जातींची कामे असतात आणि कोणते काम कोणत्या जातीचे, हे ओळखणे ही मॅनेजरची खरी परीक्षा.

विषयाच्या इतिहासातली एक गंमत वाचकाला सुरुवातीलाच ठाऊक असावी. आपल्या अभ्यासक्रमांत वॉटरफॉल पद्धत शिकवताना विन्स्टन रॉइस यांचे नाव घेतात. रिक्वायरमेंट, डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग अशा पायऱ्या उतरत जाणारी आकृती त्यांच्या 1970 च्या निबंधात आहे खरी. पण ती दाखवून लगेच ते म्हणतात की हे असेच केले तर धोका आहे, अपयश ओढवेल. टेस्टिंग शेवटी येते आणि मूळ आराखड्यातली चूक तिथे कळते, तेव्हा मागे जायला उशीर झालेला असतो, हा त्यांचा मुद्दा. पहिल्यांदाच होणारी प्रणाली असेल तर आधी एक छोटी प्रायोगिक आवृत्ती करून पाहावी, असे ते सुचवतात. जगाने आकृती उचलली, पुढची पाने वाचली नाहीत. सुबक आकृतीला करारात बसवणे सोपे जाते, हे त्याचे एक कारण असावे.

2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि त्यांनी ॲजाइल जाहीरनामा लिहिला. थोडे करावे, वापरणाऱ्याला दाखवावे, तो काय म्हणतो ते ऐकून पुढचे ठरवावे, हे त्याचे सार. त्याबद्दल या पुस्तकात एक पूर्ण भाग आहे, म्हणून इथे एकच सांगतो. काम किती करायचे ते ठरलेले, तारीख ठरलेली, पैसे ठरलेले आणि फक्त मधल्या काळाचे दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट पाडलेले, असे असेल तर ती जुनीच पद्धत आहे. सकाळच्या स्टँड-अपची तिथे हजेरी होते.

अंदाजाच्या प्रकरणावर आम्ही सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत. बॅरी बोहम यांनी 1981 च्या त्यांच्या ग्रंथात दाखवले की प्रकल्पाच्या अगदी आरंभी केलेला अंदाज चौपट वर किंवा चौथाईपर्यंत खाली चुकू शकतो. जसजसे काम उलगडते तसतशी ही तफावत कमी होते. मुळात अंदाज हा एक पट्टा असतो, तीन ते आठ महिने असा. पण पट्टा कोणाला नको असतो. विक्रीच्या बैठकीत त्यातला खालचा आकडा बाहेर पडतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचे वचन झालेले असते. मग खालच्या पातळीवर काय घडते, ते आपल्याकडच्या कोणत्याही डेव्हलपरला पाठ आहे. “पंधरा दिवस लागतील, सर.” “दहात बसव ना.” पुढच्या वेळी तो बावीस सांगतो, मॅनेजर ते पंधरावर आणतो आणि दोघांनाही आपण जिंकलो असे वाटते. या घासाघिशीत एक गोष्ट कायमची हरवते: त्या कामाला खरोखर किती दिवस लागतात, ही माहिती.

याच कारणाने प्रकल्पांच्या यशापयशाची आकडेवारी वाचताना जपून राहावे. स्टँडिश ग्रुपच्या 1994 च्या अहवालात जेमतेम 16 टक्के प्रकल्प यशस्वी ठरले होते. हा आकडा आजही प्रत्येक सादरीकरणाच्या दुसऱ्या स्लाइडवर असतो. त्या अहवालात यश मोजले होते ते मूळ अंदाजाच्या तुलनेत. ज्याने आधीच फुगवून अंदाज दिला तो यशस्वी, ज्याने प्रामाणिकपणे दिला तो नापास. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2010 मध्ये नेमके हेच दाखवून दिले. लोकांना घाबरवण्यासाठी आकडा चांगला आहे. शिकण्यासारखे त्यात फार नाही.

शिकायचेच तर एकेक प्रकरण सावकाश वाचावे. लंडन ॲम्ब्युलन्स सर्व्हिसचे घ्या. 26 ऑक्टोबर 1992 रोजी तिथे गाड्या पाठवण्याचे काम संपूर्ण शहरासाठी नव्या संगणक प्रणालीवर गेले. कोणती गाडी कुठे आहे, हे प्रणालीला बरोबर कळले तरच ती चालणार होती आणि ते तिला कळेना. जिथे गोंधळ होई तिथे पडद्यावर सूचना येई. सूचना साचत गेल्या, जुन्या वर सरकून दिसेनाशा झाल्या. गाडी येत नाही म्हणून लोकांनी पुन्हा फोन केले, त्याने भार वाढला, यंत्रणा आणखी मंदावली. दुसऱ्या दिवशी दुपारी कर्मचारी अर्धवट जुन्या पद्धतीवर परतले. मग 4 नोव्हेंबरला सर्व्हरच बसला. प्रोग्राममध्ये राहून गेलेला एक किरकोळ तुकडा दर वेळी गाडी पाठवली की थोडी मेमरी अडवून ठेवी आणि ती शेवटी संपली.

वर्तमानपत्रांना हा मेमरीचा तुकडा आवडतो, कारण त्यात गोष्ट आहे. चौकशी अहवालाचा भर मात्र दुसरीकडे आहे. तारीख आधी ठरली होती आणि काम तिच्यात कोंबले होते. निवडीत स्वस्ताईला फार वजन मिळाले. प्रणालीतले न सुटलेले दोष माहीत असताना ती सुरू झाली. प्रशिक्षण तोकडे होते आणि कर्मचाऱ्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता. म्हणजे ज्यांना खरे ठाऊक होते ते आणि ज्यांनी निर्णय घ्यायचा ते, यांच्यामध्ये कुठेतरी बातमी अडली. आमच्या मते हा अहवाल प्रत्येक मॅनेजरने नोकरीच्या पहिल्या महिन्यात वाचावा, वाटल्यास स्क्रमचे प्रमाणपत्र दुसऱ्या महिन्यात घ्यावे.

उलट बाजूचे उदाहरण घरचेच आहे. रेल्वेचे संगणकीय आरक्षण 1985 मध्ये दिल्लीत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाले. मग एकेका केंद्रावर ते पोचत गेले आणि दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली 1999 मध्ये. चौदा वर्षे म्हणजे फार झाली, असे आजच्या वाचकाला वाटेल. पण कोटा, प्रतीक्षायादी, सवलती, तुटक प्रवास या भानगडींतली एकेक गाठ खिडकीवरच्या कारकुनासमोर सुटत गेली आणि एका रात्रीत देशभर सगळे बंद पडण्याची पाळी आली नाही.

आपल्या उद्योगाचे एक वैशिष्ट्य इथे नोंदवायला हवे. पुण्या-मुंबईतल्या बहुतेकांनी हा विषय दुसऱ्याच्या प्रकल्पावर शिकला. काय करायचे ते सातासमुद्रापलीकडे ठरे, इकडे येई तो कागद. कार्नेगी मेलनच्या संस्थेने आखलेल्या सीएमएम पातळ्यांमध्ये भारतीय कंपन्यांनी नव्वदच्या दशकात पाचवी गाठण्यासाठी जी धडपड केली तिचा फायदा झाला. शिस्त आली, नोंदी ठेवण्याची सवय लागली. मात्र ऑडिटरसाठी कागद तयार करण्याची कलाही त्याच काळात अंगी मुरली. वापरणारा माणूस समोर नसल्यामुळे त्याला विचारायची सवय लागली नाही, हा तोटा मला जास्त मोठा वाटतो. आता महापालिका, बँका, दवाखाने, बाजार समित्या यांची कामे इथेच होतात आणि वापरणारा दोन बसथांब्यांवर बसलेला असतो. तरीही टीम त्याला भेटायला जात नाही.

पुस्तक कसे वाचावे, याबद्दल दोन शब्द. विद्यार्थ्यांनी क्रमाने वाचावे. गँट चार्ट आणि क्रिटिकल पाथची गणिते तिसऱ्या भागात आहेत आणि ती सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नये. नोकरी करणाऱ्यांनी अंदाजाच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. सरकारी खात्यात किंवा सहकारी बँकेत बसून सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या वाचकाने मात्र शेवटचे, निविदा आणि करारांवरचे प्रकरण आधी वाचावे. काम काय आहे हे कोणालाच नीट ठाऊक नसताना त्याची एकरकमी किंमत मागायची, सर्वांत कमी बोली निवडायची आणि पहिला हप्ता कागदपत्रे जमा झाल्यावर द्यायचा, या तीन कलमांनी प्रकल्पाचे पुढचे वर्ष बरेचसे ठरून गेलेले असते. ती कलमे बदलून कशी लिहिता येतात, छोट्या पहिल्या टप्प्याचे पैसे वेगळे कसे ठेवता येतात आणि ऑडिटच्या आक्षेपाला उत्तर काय द्यावे, याचे मसुदे त्या प्रकरणात दिले आहेत.