हाताचें कवच

यंत्रांचा इतिहास आपण अनेकवार ऐकतों. त्या यंत्रांवर राबणाऱ्या हातांच्या संरक्षणाचा इतिहास क्वचितच कानीं पडतो. हातमोजा दिसावयास क्षुल्लक. परंतु त्याची निवड चुकली तर रक्षकच घातक ठरतो.

पहिला प्रसंग अमेरिकेंतील बाल्टिमोरचा. १८८९-९० च्या हिवाळ्यांत तेथील जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयाच्या परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांची त्वचा मर्क्युरिक क्लोराइड या जंतुनाशकानें दाहूं लागली. शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांनीं गुडइयर रबर कंपनीकडून मनगटावर चढणाऱ्या पातळ रबरी मोज्यांचे दोन जोड प्रयोगादाखल करवून घेतले. हे मोजे रोग्यासाठीं नव्हते. काम करणाऱ्या हातांसाठीं होते. त्यांनीं रोग्याचाही बचाव होतो, हें मागाहून उमगलें.

रबर पुष्कळ द्रवांस अडवितें. धारेपुढें मात्र तें हतबल. धारेस तोंड देणारा एक धागा १९६५ सालीं सांपडला. ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत टायरांसाठीं हलका व बळकट धागा शोधतांना स्टेफनी क्वोलेक यांच्या हातीं एक पातळ, गढूळ द्रावण आलें. तें टाकून न देतां त्यांनीं त्याचा धागा काढण्याचा आग्रह धरला. त्यांतूनच पुढें केव्लार आलें. समान वजनाच्या पोलादाहून तें पांचपट बळकट. पत्रा व कांच हाताळणारांचे मोजे आणि कोपरापर्यंतच्या बाह्या आज अशा धाग्यांच्या विणतात. तरीही त्या विणींतून सुई आरपार जाते, आणि आम्ल तर सहज झिरपतें.

सर्वांत करुण धडा डार्टमथ कॉलेजांतील रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांचा. १४ ऑगस्ट १९९६ रोजीं डायमेथिल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे कांहीं थेंब त्यांच्या लेटेक्सच्या मोज्यावर पडले. कांहीं महिन्यांनीं विषबाधा प्रकट झाली आणि ८ जून १९९७ रोजीं त्या निवर्तल्या. पुढील परीक्षेंत आढळलें, कीं तें विष तसल्या मोज्यांतून १५ सेकंदांच्या आंत पार होतें! त्यासाठीं मोजा फाटावा लागत नाहीं. मग शिफारस झाली ती अशी: आंत अनेकपदरी लॅमिनेटचा मोजा आणि त्यावर लांब मनगटाचा, निओप्रीनसारख्या जाड रबराचा.

उलट, कांहीं ठिकाणीं मोजा न घालणें हेंच शहाणपण. फिरत्या ड्रिलमध्यें मोज्याचें टोंक अडकलें, तर हातच आंत ओढला जातो. सैल बाहीचेंही तेंच. म्हणूनच आपल्याकडील १९४८ च्या कारखाने अधिनियमानें चालू यंत्रास तेल देणाऱ्या कामगारास अंगाबरोबर घट्ट बसणाऱ्या कपड्यांची अट घातली होती.

तेव्हां मोजा जाड कीं पातळ, महाग कीं स्वस्त, हे प्रश्न नंतरचे. भय कशाचें आहे? धारेचें, आंचेचें, विजेचें, कीं विषाचें? आणि त्यापुढें हा मोजा किती वेळ टिकेल? हें आधीं विचारावें. वीजतंत्र्यानें रबरी मोजा रोज हवा कोंडून तपासावा. सूक्ष्म छिद्रही त्यांत प्राणघातक असतें. कामगार बहुधा हातीं दिलेला मोजा विश्वासानें चढवितो. त्या विश्वासास पात्र ठरणें हें मोजा देणाऱ्याचें कर्तव्य होय.