फुलेरीन संशोधनातील आंतरराष्ट्रीय सहकार्य

फुलेरीन संशोधनातील आंतरराष्ट्रीय सहकार्य : केवळ कार्बन अणूंच्या बंद पिंजऱ्यासारख्या रेणूंना फुलेरिने म्हणतात. त्यांतील प्रमुख रेणू ६० अणूंचा असून त्याचा व्यास सु. ०·७ नॅनोमीटर आहे. अब्जांश तंत्रविद्येच्या उभारणीत या रेणूला मोठे स्थान आहे. त्याचा शोध व निर्मिती ही दोन्ही कार्ये महासागरापलीकडील सहकाऱ्यांच्या भागीदारीतून झाली आणि दोहोंचा उगम खगोलशास्त्रीय प्रश्नांत होता.

असा रेणू संभवतो, हे एइजी ओसावा यांनी १९७० मध्ये लिहिले होते. परंतु लेखन जपानी भाषेत असल्याने ते पाश्चात्त्य शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडले नाही. सोव्हिएट रसायनशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये केलेल्या गणिताचीही तीच गत झाली.

इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील हॅरल्ड क्रोटो यांनी १९७०–८० या दशकात कॅनडातील शास्त्रज्ञांच्या साहाय्याने आंतरतारकीय मेघांत कार्बनच्या लांब साखळ्यांचे रेणू शोधले होते. अशा साखळ्या तांबड्या ताऱ्यांच्या वातावरणात तयार होत असाव्यात, हे त्यांना प्रयोगाने पडताळावयाचे होते. १९८४ मध्ये टेक्ससमधील राइस विद्यापीठात रॉबर्ट कर्ल यांनी त्यांची रिचर्ड स्मॉली यांच्याशी गाठ घालून दिली. स्मॉली यांच्या उपकरणात लेसरने घन पदार्थाची वाफ करून अणुसमूहांचे वस्तुमान मोजता येई. मात्र स्मॉली यांचा गट अर्धसंवाहकांच्या अभ्यासात गुंतलेला असल्याने क्रोटो यांना सु. दीड वर्ष थांबावे लागले. सप्टेंबर १९८५ मध्ये ग्रॅफाइटवर प्रयोग झाले, तेव्हा अपेक्षित साखळ्यांबरोबरच ७२० वस्तुमानाचा एक ठळक शिखरबिंदू वारंवार आढळला. १२ पंचकोन व २० षट्कोन यांची चेंडूसारखी रचना सुचविण्यात आली आणि बकमिन्स्टर फुलर या वास्तुशिल्पज्ञाच्या घुमटांवरून रेणूला नाव देण्यात आले. जेम्स हीथ व शॉन ओब्रायन हे विद्यार्थीही लेखाचे सहलेखक होते. रचना प्रथम कोणास सुचली, यावरून क्रोटो व स्मॉली यांच्यात पुढे दुरावा आला.

मिळालेला पदार्थ इतका अत्यल्प होता, की रचनेचा प्रत्यक्ष पुरावा देणे पाच वर्षे अशक्य ठरले. ही उणीव दुसऱ्या भागीदारीने भरून काढली. ॲरिझोना विद्यापीठातील डॉनल्ड हफमन व हायड्लबर्ग येथील माक्स प्लांक अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेतील वोल्फगांग क्रेचमर हे १९८२-८३ मध्ये आंतरतारकीय धूलिकणांचा अभ्यास करताना हीलियम वायूत ग्रॅफाइट तापवून काजळी बनवीत. काही नमुन्यांच्या जंबुपार वर्णपटात उंटाच्या पाठीसारखे दोन उंचवटे दिसले. ते मलिनतेमुळे आले असावेत, असा समज होऊन प्रयोग बाजूस पडला. १९८५ च्या शोधानंतर त्यांचा अर्थ ध्यानात आला. पुढे त्या काजळीत भाकितानुसार अवरक्त वर्णपटाचे चार पट्ट मिळाले आणि १९९० मध्ये बेंझिनात विरघळवून लाल विद्राव व त्यापासून स्फटिक मिळविण्यात आले. साधी पद्धती व स्वस्त साहित्य यांमुळे हा रेणू जगातील कोणत्याही प्रयोगशाळेच्या आवाक्यात आला.

त्याच ऑगस्टमध्ये ससेक्स येथेही असा लाल विद्राव तयार झाला होता. १० तारखेस नेचर या नियतकालिकाने क्रेचमर-हफमन यांचा लेख परीक्षणासाठी क्रोटो यांच्याकडेच धाडला. अग्रक्रम हातचा गेला, हे ओळखूनही क्रोटो यांनी लेख प्रसिद्ध करण्याची शिफारस केली. चुंबकीय अनुस्पंदनाने सर्व ६० अणू समतुल्य असल्याचे दाखविण्याचा मान मात्र ससेक्सच्या गटाने मिळविला.

१९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक कर्ल, क्रोटो व स्मॉली यांना विभागून मिळाले. हे पारितोषिक तिघांहून अधिकांत विभागले जात नाही. त्यामुळे क्रेचमर व हफमन, तसेच राइसचे विद्यार्थी त्यापासून वंचित राहिले. निर्मितीच्या वाट्याला मिळालेले हे माप अपुरेच म्हटले पाहिजे.

मूळ खगोलीय प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आणखी काळ लागला. २०१० मध्ये स्पिट्झर अवकाश दूरदर्शकाने एका बिंबाभ्रिकेत ६० अणूंचा हा रेणू ओळखला आणि २०१५ मध्ये बाझेल विद्यापीठातील प्रयोगांनी त्याच्या धन आयनाची आंतरतारकीय अवकाशातील उपस्थिती दाखवून दिली.